उन्हात ठेवलेलं विरजण

आमच्या शेजारच्या लोटनआबांना सगळ्या दुखण्यांवर एकच औषध ठाऊक आहे, ते म्हणजे ऊन. मिरचीला बुरशी धरली, ऊन दाखवा. गादीला वास आला, ऊन दाखवा. मुलाचा मोबाईल हौदात पडला तेव्हा आबांनी तो न्हाणीच्या पत्र्यावर वाळत घातला होता. संध्याकाळी खाली काढला तेव्हा तो कोरडा झाला होता हे मात्र कबूल करायला हवं.

यात आबांचा दोष नाही. त्यांचं आयुष्य नंदुरबारच्या मिरची पथारीवर गेलं. पथारी म्हणजे गावाबाहेरचं मोकळं मैदान, जिथे ओली लाल मिरची नजर पोचेल तिथवर पसरून वाळवतात. तिथे आबा मुकादम होते. मूठभर मिरची कानाजवळ हलवून ते सांगायचे, अजून ओल आहे, आणखी ऊन खाऊ द्या. मिरचीच्या खकाण्यात उभं राहून त्यांना कधी शिंक आली नाही. शिंका यायच्या त्या आम्हाला, ते घरी आल्यावर. गल्लीच्या तोंडाशी आबा दिसले की पोरं नाक दाबून पळायची, आणि आबांना वाटायचं आपला दरारा आहे.

काम सुटून बरीच वर्षं झाली, पण हंगामात आबा अजून रोज सकाळी पथारीवर जाऊन बसतात. पगार नाही, काम नाही, तरी रागावायला जातात. आल्यावर त्यांची बायको रंजनाबाई, म्हणजे आमची जिजी, त्यांचा सदरा अंगणातच काढायला लावते आणि खिसे उलटे करते. दर वेळी त्यातून मिरचीचे देठ पडतात. मग तिचं ठरलेलं वाक्य येतं, "तुमना खिसामा पुरी पथारी घर ऊनी." अशी अख्खी पथारी रोज घरी येते, आणि आबा ऐकून न ऐकल्यासारखं करतात. लहानपणापासून मी हे आमच्या ओट्यावरून पाहत आले आहे.

जिजीची प्रतिष्ठा तिच्या दह्यात आहे. दही असं की वाटी उपडी केली तरी खाली पडायचं नाही. त्याचं विरजण तिनं लग्नात तापीकाठच्या प्रकाशा गावाहून, म्हणजे माहेराहून, मातीच्या बोळक्यात आणलं होतं, ही कथा गल्लीतल्या प्रत्येकाला पाठ आहे. हे विरजण तिनं कधी कुणाला दिलं नाही. ताक मागा, तांब्याभर देईल, पण त्यात आधी मीठ-जिरं घालील, म्हणजे कुणी त्यानं दही लावायला नको. आमच्या समोरच्या शोभाबाईंनी एकदा दह्याची वाटी मागून पाहिली होती. जिजीनं त्यांना दही दिलं, पण भातात कालवून दिलं. आबा मात्र पथारीवर सासूबाईंच्या विरजणाची एवढी तारीफ करायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, हुंड्यात दुसरं काही मिळालंच नसावं.

या मार्चमध्ये जिजीला पित्ताशयाच्या खड्यांसाठी दवाखान्यात ठेवलं. ऑपरेशन नीट झालं, पण नंतर जखम चिघळली आणि तिला जोरदार अँटिबायोटिक्स सुरू झाली. त्यांनी जखम आवरली आणि पोट बिघडवलं. डॉक्टरांनी पोटासाठी प्रोबायोटिकच्या कॅप्सूल लिहून दिल्या आणि घरी गेल्यावर दही-ताक द्या, असं सांगितलं. आबांनी सुरतेच्या मुलाला, भूपेशला फोन केला. भूपेशनं दुसऱ्या दिवशी बसच्या ड्रायव्हरच्या हाती एक भलंमोठं पाकीट पाठवलं. त्यावर हसऱ्या पोटाचं चित्र होतं आणि मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, प्रीबायोटिक.

आबा ते पाकीट आणि कॅप्सूलची चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आले. मी इथल्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे गल्लीतल्या सगळ्या औषधांच्या चिठ्ठ्या आधी माझ्याकडे येतात आणि मग दुकानात जातात.

"पोरी, एकवर प्रो, एकवर प्री. कंपनी चुकनी का डॉक्टर?" आबांनी विचारलं.

कुणी चुकलं नाही, म्हटलं. आपल्या आतड्यात जंतूंची मोठी वस्ती असते. अँटिबायोटिक वाईट जंतूंना मारायला निघतं, पण रस्त्यात चांगलेही मरतात. प्रोबायोटिक म्हणजे पुरेशा संख्येनं पोटात गेले तर तब्येतीला फायदा करतात असे निवडक जिवंत जंतू. प्रीबायोटिक म्हणजे त्यांचा खुराक, आपल्याला पचत नाही पण त्यांना पचतं असं काही. कांद्यात असतं, लसणात असतं, केळ्यात असतं, जिजी करते त्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीतही असतं. पाकिटावर आणखी एक शब्द होता, फंक्शनल फूड. तोही त्यांनी बोट ठेवून विचारला. पोट भरण्याशिवाय शरीराचं आणखी काही काम करणारं अन्न, असं मी सांगितलं.

"मंग बाकीनं अन्न काय बेकार बठेल शे का?" आबा म्हणाले आणि पाकीट काखेत मारून गेले.

मला तेव्हाच संशय यायला हवा होता. वर्गात जो मुलगा एकही शंका विचारत नाही तो हमखास काहीतरी पेटवतो, हे मला अनुभवानं माहीत आहे. आबांनी जिवंत जंतूंबद्दल एकही शंका विचारली नव्हती.

घरी गेल्यावर आबांनी विचार केला. जंतू जिवंत आहेत, म्हणजे त्यांना भूक असणार. घरात विरजणाचं बोळकं आहे, त्यात सासूबाईंचे जंतू आहेत, आणि त्यांची मालकीण दवाखान्यात आहे. म्हणजे ते उपाशी असणार. आबांनी पाकीट फोडून चमचाभर भुकटी बोळक्यात टाकली. तेवढ्यानं समाधान होईना म्हणून वर गुळाचा खडा टाकला आणि केळ्याची फोड कुस्करून घातली. जावयानं सासूच्या माणसांचा पाहुणचार करावा तसा त्यांनी तो दोन्ही वेळेला केला. बोळक्याला फेस आला, वर पाणी सुटलं, आणि आंबूस वास घरभर झाला.

आबांनी वास घेतला. बोट घालून पाहिलं. पथारीवर उभं आयुष्य काढलेल्या माणसाला जे दिसायचं तेच दिसलं. ओल राहिली आहे.

त्यांनी बोळकं न्हाणीच्या पत्र्यावर नेऊन ठेवलं. नंदुरबारचं मार्चअखेरचं ऊन, पत्र्यावर पाण्याचा थेंब टाकला तर चर्र होतो. मांजर येऊ नये म्हणून वर ताटली झाकली आणि ताटलीवर दगड ठेवला. मग दवाखान्यात जाऊन जिजीला सांगितलं, "तुन्हा विरजणनी काळजी करू नको, मी देखी ऱ्हायनू." जिजी बिचारी निवांत झाली.

ती घरी आली तेव्हा पाहवत नव्हती. गाल बसलेले, बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. जुलाब अजून थांबले नव्हते आणि अन्नाचा वास तिला नको वाटत होता. भात नको, खिचडी नको, भूपेशनं फोनवरून विनवलेलं नारळपाणी नको. आबा ताट घेऊन खाटेजवळ उभे राहायचे आणि ताट तसंच परत न्यायचे.

"मन्ही मायना विरजणनं दही द्या," ती शेवटी म्हणाली. "दहीभात खासू. दुसरं काही नको."

आबा आनंदानं उठले. दूध तापवलं, कोमट केलं, बोळक्यातलं विरजण घालून गोधडीत गुंडाळून ठेवलं. सकाळी गोधडी सोडली तर दूध जसंच्या तसं होतं, फक्त जरा गोड. त्यांनी पुन्हा लावलं. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला दूध नासलं आणि त्याला केळ्याचा वास येत होता.

मग ते माझ्याकडे आले आणि उंबऱ्यातच उभे राहिले. काय काय केलं ते सगळं त्यांनी सांगितलं. पाहुणचाराचं सांगताना आवाज मोठा होता, पत्र्याचं सांगताना लहान झाला. मला हसू आवरेना. हसता हसता त्यांच्याकडे लक्ष गेलं आणि थांबले, कारण आबांच्या डोळ्यांत पाणी होतं. मिरचीनं जे कधी झालं नाही ते आज झालं होतं.

"ती काही खाई नही ऱ्हायनी पोरी," ते म्हणाले. "एक वस्तू मांगी तिनी. ती बी मी उन्हमा घाली टाकी. तिले काही व्हयनं तर मी काय करू?"

मी म्हटलं, जिजीच्या कॅप्सूल चालू आहेत, डॉक्टरांचं लक्ष आहे, दह्यावाचून कुणाचं अडत नाही. हे मी सांगितलं, पण ते खरं नव्हतं. जिजीचं अडलं होतं. भूक लागण्यासाठी माणसाला कशाची तरी इच्छा व्हावी लागते, आणि तिची सगळी इच्छा त्या बोळक्यात होती.

त्यांना धीर यावा म्हणून मी आणखी एक गोष्ट सांगितली. पत्र्यावर जंतू मेले असतील, पण मेलेले सगळे वाया जात नाहीत. मेलेल्या जंतूंपासून आणि त्यांनी तयार करून ठेवलेल्या मालापासूनही पोटाला काही फायदा होतो असं आता संशोधक म्हणतात, अजून तपासणंही चालू आहे. त्याला पोस्टबायोटिक म्हणतात. आबांनी डोळे पुसले.

"म्हणजे मी त्यास्ले मारं नही," ते हळूच म्हणाले. "मी त्यास्नं पोस्टबायोटिक करं."

मी म्हटलं, हे कोर्टात सांगा. मेलेले पोटाला चालतील, पण दही लावायला जिवंतच लागतात.

आमच्याकडे दही डेअरीतूनच यायचं, तेव्हा आबा विरजण मागायला शोभाबाईंकडे गेले. जिजी आजारी पडेपर्यंत माणूस कधी स्वयंपाकघरात गेलेला नाही, त्याला वेळकाळ काय माहीत. ते गेले दिवेलागणीला. शोभाबाईंनी नुकतीच देवापुढं वात लावली होती.

"दिवा लागी गया आबा," त्या म्हणाल्या. "आते विरजण देतस का कोणी? सकाळले या." आणि मग मान वर करून पाहिलं. "पण तुमना घर विरजण नही? जिजीनं काय व्हयनं?"

आबा पायरीवरूनच परत फिरले. सकाळी जायची सोय राहिली नव्हती. गेले असते तर विरजण का हवं ते सांगावं लागलं असतं, मग सगळ्या गल्लीला कळलं असतं की जिजीचं माहेर लोटनआबांनी पत्र्यावर वाळवलं, आणि खाटेवरच्या जिजीला ते शोभाबाईंकडून समजलं असतं. त्यापेक्षा त्यांनी डेअरीतून दह्याचा डबा आणला, बोळक्यात ओतला, वरून सारखा केला आणि भातात कालवून जिजीपुढं ठेवला.

जिजीनं एक घास घेतला. बराच वेळ तोंडात धरला. मग ताट बाजूला केलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

मग आबांनी ते केलं जे हल्ली सगळेच करतात. फोनला विचारलं. विरजण नसेल तर दही कसं लावावं, हे त्यांनी फोनच्या तोंडाजवळ तोंड नेऊन, पथारीवर हाळी द्यावी तसं विचारलं. फोनमधून कुठल्या तरी लांबच्या शहरातली एक बाई आली, नखं रंगवलेली, ओटा चकचकीत. ती म्हणाली, कोमट दुधात मिरच्या देठांसकट बुडवून ठेवा. देठांवरचे जंतू दही लावतात.

आबांनी व्हिडिओ थांबवला. पुन्हा पाहिला. मग माझ्याकडे आणला. "हाई खरं शे का?"

खरं आहे, म्हटलं. देठांवर असे जंतू असतात, पहिलं दही पातळ लागतं, त्यातलं थोडं घेऊन पुन्हा लावलं की नीट धरतं. आबा माझ्याकडे असे पाहू लागले की जणू मी त्यांची आयुष्यभराची मजुरी दाबून ठेवली होती. ज्या देठांच्या ढिगांवरून ते रोज चालत गेले, जे झाडून बाहेर फेकायला त्यांनी माणसं लावली, ते देठ दही लावतात, हे त्यांना रंगवलेल्या नखांकडून कळावं?

त्या दिवशी ते पथारीवर गेले आणि हंगामाच्या शेवटच्या ओल्या मिरचीतून देठ निवडत बसले. कुणी विचारलं तर सांगितलं, डॉक्टरनं सांगितलंय. सदऱ्याचा खिसा भरून घेऊन आले. या वेळी अंगणात खिसा झटकला नाही. जिजी खाटेवरून पाहत होती की नव्हती, कोण जाणे.

पहिलं दही खरंच पातळ लागलं, ताकाला लाजवेल असं. ते आबांनी एकट्यानं उभ्या उभ्या पिऊन टाकलं, पुरावा राहायला नको. एक चमचा तेवढा बाजूला ठेवला होता. तो नव्या दुधात घातला, बोळकं गोधडीत ठेवलं आणि या वेळी गूळ नाही, केळं नाही, ऊन नाही. नुसते शेजारी बसून राहिले. कुठल्याही कामात हात न घालता बसणं आबांना किती जड जातं हे मला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला हाक मारली. बहुतेक साक्षीदार हवा होता. बोळक्यात दही घट्ट लागलं होतं, सुरी घातली तर कापलं जावं असं. आबांनी भात कालवला, चवीला मीठ टाकलं आणि जिजीच्या हातात वाटी दिली. मग तिच्याकडे पाहायचं धाडस होईना म्हणून पंख्याकडे पाहू लागले.

जिजीनं घास घेतला. थांबली. दुसरा घेतला. मग तिसरा, आणि मग वाटी तोंडाजवळ धरून ती शेवटपर्यंत जेवली, बोटांनी वाटी पुसून घेतली. आबांच्या छातीतून एवढा मोठा श्वास सुटला की खाटेवरची औषधाची चिठ्ठी हलली.

"कसं शे?" त्यांनी विचारलं. "तुन्ही मायनंच शे ना?"

"शे ना," जिजी म्हणाली. वाटी खाली ठेवली. "देठ ओली मिरचीना लिनात का वाळेलना?"

आबांचा चेहरा मिरचीसारखा झाला. मी खिडकीबाहेर पाहू लागले.

"तुले कसं कळनं?"

जिजी हसायला लागली. टाके दुखतील म्हणून पोटाला हात धरून हसली. मग तिनं जे सांगितलं ते या गल्लीत पहिल्यांदाच कुणी ऐकलं असेल. लग्न होऊन आली तेव्हा सासू म्हणाली होती, माहेरानं काय दिलं, नुसतं मातीचं बोळकं. तेव्हा जिजी म्हणाली, यात मायचं विरजण आहे, असं दही या घरात कधी लागलं नसेल. बोलून गेली आणि पहिल्याच उन्हाळ्यात मांजरानं बोळकं चाटून साफ केलं.

"सासूले काय सांगू?" जिजी म्हणाली. "परात घीसन अंगणमा बठनू रडत. तुमना सदरा तठे पडेल व्हता, धुवाले. खिसामा देठ व्हतात. मन्ही माय म्हणे, काही नही ऱ्हायनं तर मिरचीना देठ टाकानं. टाकी दिनात दूधमा. लागी गयं."

"मंग इतला वरीस मी सासूबाईनं म्हणीसन काय खात व्हतू?"

"तुमनंच खात व्हतात," जिजी म्हणाली. "मधमा दोन-तीनदा मरनं बी. मंग तुमना खिसा व्हताच. म्हणीसन मी कोणले दिनं नही. काय सांगू देतांना, हाई मन्हा मालकना खिसानं शे?"

आबा खाटेच्या कडेवर बसले. मग त्यांनी रिकामी वाटी उचलली, आत पाहिलं आणि पुन्हा भात घ्यायला आत गेले. जाताना एवढंच म्हणाले, "तरी मी म्हणू, सासूबाईनं दही इतलं तिखट का लागस."

जिजी आता बरी आहे. मी म्हणते कॅप्सूलनी बरी झाली, ती म्हणते दह्यानं, आणि भूपेशला खात्री आहे की त्याच्या पाकिटानं. हसऱ्या पोटाचं ते पाकीट अजून फळीवर आहे, त्यात आता शेंगदाणे ठेवतात. शोभाबाईंना तिनं एका सकाळी स्वतःहून विरजण नेऊन दिलं, मीठ-जिरं न घालता. त्यांनी विचारलं तेव्हा सांगितलं, मायचं आहे.

आबा अजून पथारीवर जाऊन बसतात. तिथे कुणी दह्याचा विषय काढला की ते पूर्वीसारखेच मांडी ठोकून सांगतात, मन्ही सासूबाईनं विरजण शे, प्रकाशानं. कुणासमोर त्यांनी कधी शब्द बदलला नाही. फक्त उठताना ते एक गोष्ट करतात, जी पूर्वी आपोआप होत होती. खाली वाकून चार चांगले देठ निवडतात आणि खिशात घालतात.

घरी आल्यावर जिजी खिसे उलटे करते आणि म्हणते, पुरी पथारी घर ऊनी. मग देठ गोळा करते आणि परातीत ठेवते.